नजरेचा खुंटा

१

रविवारी दुपारची जेवणं उरकली की आमच्या घरातल्या टीव्हीचा ताबा माझ्याकडे यायचा. सकाळी अण्णांच्या बातम्या, संध्याकाळी बायकोची मालिका, मधल्या फटीत पोरीची कार्टून, आणि रविवार दुपार माझी. मी गेम खेळायचो. चाळिशी ओलांडली, टक्कल पडायला लागलं, चष्म्यांचं स्वतःचं दुकान आहे, तरी खेळायचो. बायको आल्यागेल्याला सांगायची, "आम्हाला दोन मुलं. त्यातलं एक शाळेत जातं."

तिला हसू दे. माझं मत पक्कं होतं. टीव्ही बघणं म्हणजे दुसऱ्याचं जेवण खिडकीतून बघणं. तिच्या मालिकेत कोणी दार उघडलं की आधी दार दाखवतात, मग उघडणाऱ्याचं तोंड, मग घरातल्या एकेकाचं तोंड, आणि दारातला माणूस आत येईपर्यंत आठवडा जातो. गेममध्ये दार मी उघडतो. आत जे काही असेल ते माझ्या अंगावर येतं, आणि ते कसं परतवायचं हे मी बघतो.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं तिसरंच. "टीव्हीतल्या लोकांना आपण दिसत नाही, म्हणून तर ते इतकं खोटं बोलतात," असं ते म्हणायचे. मी फुटबॉलचा गेम लावला की त्यांना तो खरा सामना वाटायचा. दहा वेळा समजावलं की खेळवणारा मी आहे. ते मान डोलवायचे आणि पुढच्या मिनिटाला गोलकीपरवर डाफरायचे. तो गोलकीपर उंच होता, त्याचं नाव त्यांनी लांब्या ठेवलं होतं. "त्या लांब्याला काढा रे कोणीतरी, उभा आहे खांबासारखा!"

मला मात्र गेममध्ये सगळ्यात काय आवडायचं, तर सोडून दिलेला माणूस. कंट्रोलर मांडीवर ठेवून द्यायचा आणि काहीच करायचं नाही. थोडा वेळ तो तुमची वाट बघत उभा राहतो. मग त्याला कंटाळा येतो. तलवारवाला टाच घासतो, मच्छीमार जांभई देतो, चोर आपले खिसे चाचपतो. आणि यात एक गंमत असते. जवळपास काही उचलण्यासारखं लपवलेलं असलं, की या रिकाम्या माणसाची मान आपोआप तिकडे वळते. बनवणाऱ्यांनीच तशी सोय केलेली असते. मी त्याला नजरेचा खुंटा म्हणायचो. गाय बांधावी तशी नजर तिथे बांधलेली. कुठे अडकलो की मी हात काढून घ्यायचो आणि हा कुठे बघतो ते बघायचो. तो खांदे उडवायचा, मान मोडायचा, आणि मग हळूच भिंतीतल्या एखाद्या विटेकडे बघायचा. वीट दाबली की दार उघडायचं.

ही युक्ती मी घरात वापरली. गंमत म्हणून वापरली, देवाशपथ.

२

आमचा हॉल लांबट आहे. एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीत खिडकी. खिडकीखाली सोफा, सोफ्याशेजारी अण्णांची हातांची खुर्ची. दुसऱ्या बाजूने एक पॅसेज आत जातो. त्यात चपलांचं कपाट, बाथरूमचं दार, आणि टोकाला वॉशिंग मशीन. मी खाली उशी टाकून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायचो. लोकांना दुकानात सांगतो की इतक्या जवळून बघू नका, पण लोका सांगे ब्रह्मज्ञान.

गेमचा नवा भाग उघडायचा असला की लोडिंग होतं, पडदा काळा होतो. तेवढा वेळ टीव्हीचा आरसा होतो. पुढे मी, कंट्रोलर धरून तोंड वासलेला. मागे सोफ्यावर लोकर विणत बसलेली बायको, तिच्या पायाशी लोळणारी आमची पोर खारू, आणि खुर्चीत अण्णा. खारूचं नाव वेगळं आहे, पण लहानपणी ती खाऊ गालात साठवून ठेवायची, म्हणून सगळे तिला खारूच म्हणतात. सगळ्यांच्या मागे खिडकीचा उजळ चौकोन. मला हे काळ्या पडद्यातलं कुटुंब फार आवडायचं. आपलंच घर बाहेरून बघितल्यासारखं वाटायचं.

अशाच एका लोडिंगमध्ये अण्णा दिसले. त्यांनी गुडघा चोळला, चष्मा वर सारला, शालीचं टोक ओढलं, आणि मान वळवून पॅसेजकडे बघितलं. मग पुन्हा समोर. मला हसू आलं. हुबेहूब सोडून दिलेला माणूस.

पुढच्या लोडिंगला मी मुद्दाम बघितलं. गुडघा, चष्मा, शाल, पॅसेज. त्याच क्रमाने.

"अण्णा, कोणाची वाट बघताय का?" मी विचारलं.

"मी? छे रे. माझी वाट बघणारे सगळे वर गेले, मी कोणाची बघू?" ते म्हणाले. "तू खेळ. तो लांब्या आज नाही का?"

म्हातारपण, मी मनाशी म्हटलं. बाथरूमला जायचं असेल आणि उठायचा कंटाळा येत असेल. आम्ही दोघं हसलो आणि विषय संपला.

३

मग बायको. तिची विणकामातली ओळ संपली की ती सुया मांडीवर ठेवायची, बोटं मोडायची, आणि पॅसेजकडे बघायची. मग खारू. ती पोटावर झोपून पाय हलवत कार्टूनची चित्रं काढत असायची. रंग बदलायला हात थांबला, की डोकं वर, नजर पॅसेजमध्ये.

एकाने केलं तर खोड, दोघांनी केलं तर सवय. तिघंही करायला लागल्यावर मी उठून पॅसेजमध्ये गेलो. चपला, कपाट, बाथरूमचं दार, मशीन. मशीनवर धुवायचे कपडे. नळ गळत नव्हता. पाल नव्हती. मी कपाटसुद्धा ओढून बघितलं. मागे माझाच हरवलेला एक मोजा सापडला.

परत येऊन मी उशीवर न बसता सोफ्याच्या टोकाला, बायकोच्या शेजारी बसलो. तिची ओळ संपली. सुया खाली. बोटं मोडली. मान वळली.

इथे माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. दिवसभर मी लोकांच्या बुबुळांमधलं अंतर मोजतो. शून्यात बघणारा माणूस मला दुकानाच्या दारातून ओळखता येतो. त्याचे डोळे सैल असतात, दोन्ही बुबुळं सरळ, दूर कुठेतरी गेलेली. जवळची वस्तू बघायची असेल तर बुबुळं थोडी आत वळतात. हे कोणाला ठरवून करावं लागत नाही आणि कोणाला सहज लपवताही येत नाही.

बायकोची बुबुळं आत वळलेली होती.

ती शून्यात बघत नव्हती. पॅसेज रिकामा होता, आणि ती त्या रिकाम्या पॅसेजच्या मध्यावर, मशीनच्या बऱ्याच अलीकडे, काहीतरी बघत होती. मी दचकलो.

"काय बघतेस?"

"कुठे?" ती भानावर येऊन म्हणाली. "मी काही बघत नव्हते."

"आत्ता बघत होतीस. पॅसेजमध्ये."

"चोराच्या उलट्या बोंबा," ती सुया उचलत म्हणाली, "रविवारभर स्वतः डोळे फाडून..." आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध वर आलं, म्हणून ती पळाली. मी तिला गेमवरचा टोमणा समजलो. तो तर मला दर रविवारी मिळायचा.

४

माझ्याऐवजी दुसरा कोणी असता तर त्याने विषय सोडून दिला असता, किंवा डॉक्टरकडे गेला असता. मी गेम खेळणारा माणूस. मला वाटलं, तीन माणसं एका जागी बघतात, म्हणजे तिथे काहीतरी लपवलंय. ते शोधायचं.

बायको बाजारात गेली होती. मी तिच्या लोकरीचा लाल गुंडा घेतला आणि खारूला म्हणालो, "चल, खजिना शोधू."

ती तयारच होती. सोफ्यावर बायको बसते तिथे, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, मी सोफ्याच्या पाठीला चिकटपट्टीने धागा लावला. तिची नजर जिकडे जाते तिकडे तो ताणून पॅसेजच्या भिंतीला चिकटवला. दुसरा धागा खारू लोळते तिथून, जमिनीलगत निघून तिरका वर गेला. तिसरा अण्णांच्या खुर्चीपासून. अण्णा त्याच खुर्चीत बसले होते. "हे काय, कपडे वाळत घालताय का?" त्यांनी विचारलं. खारू खी खी हसत होती. मीही हसत होतो.

तिसरा धागा ताणला आणि माझं हसू थांबलं. तिन्ही धागे एकाच ठिकाणी मिळाले. भिंतीवर नाही, कपाटावर नाही. पॅसेजच्या मधोमध, हवेत. उभ्या माणसाचं तोंड असतं त्या उंचीवर.

मी स्वतःला समजावलं. धागे मी ताणले, अंदाज माझा, चूकही माझी असणार. तीन धागे कुठेतरी मिळतातच. डोकं हे सांगत होतं, तरी स्वतः तिथे जाऊन बघायची मला हिंमत झाली नाही, आणि तोंडातून मात्र निघालं, "खारू, त्या गाठीत हात घालून बघ गं."

ती टाचा उंचावून उभी राहिली. हात वर केला, धाग्यांच्या मधे घातला, हलवला.

"इथे काहीच नाही, बाबा."

"पोरीला बाजूला घे."

आवाज अण्णांचा होता, पण असा आवाज मी त्यांचा लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी पळत जाऊन खारूला उचललं. धागे तुटले. मागे वळलो तर अण्णा चष्मा पुसत बसले होते.

"काय दिसलं तुम्हाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"काय दिसलं म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात, पोरीला बाजूला घे."

"मी कुठे काय बोललो?" अण्णा खरोखर गोंधळले होते. माझ्याकडून खारूकडे, खारूकडून माझ्याकडे बघत होते. "मी तर आत्ताच चष्मा काढलाय. मला चष्म्याशिवाय तू सुद्धा धड दिसत नाहीस."

लोकरीचा सत्यानाश झाला म्हणून संध्याकाळी बायकोची बोलणी खाल्ली. मी निमूट ऐकून घेतली. ती बोलत होती तोवर निदान माझ्याकडे बघत होती.

५

नंतरच्या रविवारी मी खेळलोच नाही. गेम नुसता चालू ठेवला, शूरवीर पुलावर टाच घासत उभा, आणि मी सोफ्याच्या टोकाला बसून बायकोचे डोळे बघत होतो. ती लोकर गुंडाळत होती, हात चालू, मन भलतीकडे. नजर पॅसेजमध्ये.

मग तिची नजर हलली.

डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो तो उड्या मारत. वाचताना, रस्ता बघताना, खोलीभर नजर टाकताना, टप्पे घेत. तो पाण्यासारखा सरकत जातो फक्त एकाच वेळी, समोर काहीतरी चालत असलं तर. गाडी जाते, माणूस जातो, आणि डोळा त्याच्यामागून सरकतो. समोर काही चालत नसताना असा डोळा सरकवून दाखवा म्हटलं तर कोणालाही जमत नाही. मी दुकानात कॉलेजच्या पोरांना पैज लावून हे करायला लावतो आणि जिंकतो.

बायकोचे डोळे पॅसेजमधून सरकत निघाले. हॉलमध्ये आले. टीव्हीच्या पुढून गेले, सोफ्याला वळसा घातला. खारूनेही डोकं वर केलं होतं आणि तिचे डोळेही त्याच संथ चालीने सरकत होते. दोघींचे डोळे अण्णांच्या खुर्चीपाशी जाऊन थांबले. खुर्चीच्या मागे, अण्णांच्या डोक्याच्या वर.

मी काय बघितलं ते मला कळत होतं आणि पटत नव्हतं. खुर्चीमागे पडदा होता, दुपारचं ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. अण्णांनी गुडघा चोळला, चष्मा वर सारला, शाल ओढली. आणि थांबले. मान कुठेच वळली नाही. डोळे सरळ टीव्हीवर.

त्या दिवसानंतर अण्णांनी इकडे तिकडे बघणं सोडलं. आधी मला वाटलं, चला, एक तरी बरा झाला. मग लक्षात आलं. खुर्चीत बसलेल्याला खुर्चीमागचं कसं दिसणार?

आणि दर रविवारी दोघींची नजर थोडी खाली येत होती. डोक्याच्या वर होती ती डोक्याशी आली, मग कानाशी. मागे उभं राहून कोणी सावकाश वाकत असेल तशी.

६

मी अण्णांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, रक्त तपासलं, ईसीजीची पट्टी काढली. "तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत," ते मला म्हणाले. अण्णा परत येताना शीळ घालत होते.

मग मी खुर्ची हलवली. सांगितलं की हॉलमध्ये ऊन फार येतं, आतल्या खोलीत पंख्याखाली बसा. अण्णा कुरकुरले, पण गेले. मी हॉलमध्ये येऊन बसलो. बायकोची ओळ संपली. सुया मांडीवर. तिने मान वळवली आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीच्या पलीकडे आतली खोली होती. तिचे डोळे भिंतीवर थांबलेले नव्हते. भिंत तिच्यापासून हातभर लांब, आणि तिची बुबुळं त्याहून कितीतरी दूरचं बघत होती.

मी धावत आत गेलो. अण्णा खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, एकटे.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "मला तिकडेच बसव बाबा. इथे एकट्याला बसवत नाही."

"का? काय होतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "सामना दिसत नाही इथून," ते शेवटी म्हणाले, आणि लहान मुलासारखं हसले.

मी त्यांना परत आणलं. आणखी काय करायला हवं होतं? कोणाला सांगायचं, आणि काय? माझी बायको माझ्या वडिलांच्या कानाशी बघते, असं? बहिणीला फोन केला, अण्णांना थोडे दिवस घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात येते. मी रोज दुकानातून लवकर घरी येऊ लागलो. अण्णांच्या शेजारी स्टूल टाकून बसायचो. त्यांचा हात धरावासा वाटायचा, पण आमच्या घरात तशी रीत नाही. मग मी उगाच त्यांच्या चष्म्याच्या काड्या नीट करून द्यायचो.

७

रविवारी अण्णांनीच हट्ट धरला. "सामना लाव. किती दिवस झाले, लांब्या मेला की काय?"

मला टीव्हीकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ करून बसायचं नव्हतं. पण ते इतक्या उत्साहाने पुढे सरकून बसले होते की नाही म्हणवेना. मी उशीवर बसलो. बायको सोफ्यावर, खारू तिच्या पायाशी. बाहेर लख्ख ऊन, आणि खिडकीचा पडदा बाजूला.

पहिला अर्धा भाग रंगला. अण्णा ओरडत होते, खारू टाळ्या वाजवत होती, बायकोसुद्धा विणणं सोडून बघत होती. माझं मन हलकं झालं. मला वाटलं, बसलोय तसेच आपण बसून राहावं, संध्याकाळ होऊच नये. मग समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. "आता लांब्याची परीक्षा," अण्णा म्हणाले.

आणि पडदा काळा झाला.

काळ्यात मी दिसलो. माझ्यामागे बायको आणि खारू. दोघींची तोंडं अण्णांकडे, दोघींची नजर त्यांच्या गालापाशी. खुर्चीत अण्णा. मागे खिडकीचा उजळ चौकोन.

चौकोन पुरा नव्हता.

अण्णांच्या बाजूचा त्याचा एक कोपरा नव्हताच. तिथे उजेड संपत होता. आडवी सरळ चौकट जिथे असायला हवी, तिथे एक गोलसर कड होती, आणि ती कड अण्णांच्या तोंडाच्या दिशेने उतरत होती. डाग असेल, मी म्हटलं. पडद्यावर खारूच्या हाताचा डाग. मी अंगठा घासला. माझा अंगठा पडद्यावरून फिरला आणि ती कड त्याच्या मागे, खोलीत, आपली आपली खाली येत राहिली.

मग लोडिंग संपलं. हिरवंगार मैदान उजळलं, गर्दीचा आवाज आला, आणि बटणं दाबत माझी बोटं आपोआप चालली. लांब्याने झेप घेतली आणि चेंडू अडवला.

मी वळलो. खिडकी पुरी होती. चारही कोपऱ्यांत ऊन होतं. अण्णा पुढे सरकून, हात खुर्चीच्या हातांवर ठेवून बसलेले होते आणि त्यांचे डोळे टीव्हीवर होते.

"अण्णा," मी म्हणालो, "अडवला बरं का लांब्याने."

त्यांची बुबुळं सरळ होती. दोन्ही, अगदी सरळ, दूर कुठेतरी.

८

वय झालं होतं, झटक्यात गेले, काही कळलंसुद्धा नसेल. डॉक्टर म्हणाले, बहीण म्हणाली, सगळे म्हणाले. मी बायकोला एकदाच विचारलं की त्या क्षणी तू काय बघत होतीस. "सामना," ती म्हणाली आणि रडायला लागली. ती खोटं बोलत नव्हती. मी पुन्हा विचारलं नाही.

आम्ही खुर्ची देऊन टाकली. टीव्ही कापडाने झाकला. बायकोची मालिका बंद झाली आणि ती तक्रार न करता पुस्तकं वाचू लागली. मी रविवारचंही दुकान उघडं ठेवू लागलो. घरी असलो की मात्र एकच काम. खारूवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. त्या धाग्यांच्या गाठीत हात घालायला तिला मीच लावलं होतं, हे डोक्यातून जात नव्हतं. ती अभ्यास करताना, खेळताना, लोळताना मी बघत राहायचो, तिची मान वळते का, पॅसेजकडे, आतल्या खोलीकडे, खुर्चीच्या रिकाम्या जागेकडे.

नाही वळली. एकदाही नाही. ती खोड ती साफ विसरली होती. चित्र काढताना हात थांबला तरी डोळे कागदावर. हळूहळू माझा जीव थाऱ्यावर आला. जे आलं होतं ते आपलं काम करून गेलं, मी मनाशी म्हटलं. अण्णांना न्यायला आलं होतं, घेऊन गेलं. हे म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

म्हणून काल खारू म्हणाली, "बाबा, मी खेळू?" तेव्हा मी कापड काढलं. तिला उशीवर बसवलं, कंट्रोलर हातात दिला, आणि मी सोफ्यावर टेकलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात टॉवेलला हात पुसत उभी राहिली. खिडकीतून ऊन येत होतं. कितीतरी दिवसांनी घरात संगीत वाजत होतं आणि खारूचा शूरवीर गवतातून उड्या मारत पळत होता. "तो नाही, उजवीकडचा रस्ता घे," मी म्हणालो. "मला कळतं," ती म्हणाली. अगदी माझ्यासारखी म्हणाली.

तिने एक दार उघडलं. पडदा काळा झाला.

मी आधी खिडकी बघितली. काळ्या पडद्यातला चौकोन पुरा होता, मला दिसला तेवढा. खालचा भाग खारूच्या डोक्याआड होता. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मागे टेकलो.

"बाबा," खारू पडद्यातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "तू सारखं माझ्या मागे काय बघतोस?"

"कुठे? मी काही बघत नव्हतो."

तोंडातून निघाल्यावर ते वाक्य मला ऐकू आलं. मला खरंच काही आठवत नव्हतं.

"बघतोस," ती हसली. "आई पण बघते. अण्णा गेल्यापासून दोघं बघता." तिने डावा हात उचलून डोक्याच्या वरची मोकळी हवा दाखवली. "आधी इथे बघायचात." मग तो हात खाली आणून कानाशी धरला. "आता इथे."

मी बायकोकडे वळलो. ती दारात तशीच उभी होती, टॉवेल हातात. तिची बुबुळं आत वळलेली होती, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

लोडिंग संपलं. खारूने दोन्ही हातांनी कंट्रोलर धरला आणि तिचे डोळे सरळ टीव्हीवर गेले.